लेटीच्या ठोक्यांचा वाडगा

मी, हेस्टर ऍन लव्हरिज, वय सत्तर, अविवाहित, धंदा चांदीची भांडी व दागिने घडवणे, राहणार मिल लेन, नेदर कोम्ब, जिल्हा ग्लॉस्टरशायर, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, कारण बळजबरी करण्याइतके जवळचे कोणी उरलेले नाही. डोळे मात्र भट्टीपुढे बसून बसून अधू झाले आहेत. ओळी वरखाली झाल्या तर तो नजरेचा दोष समजावा, बुद्धीचा नव्हे.

इव्हशॅमचे वकील श्री. टस्टेन यांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. त्यांनी माझा कच्चा मसुदा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

“मिस लव्हरिज, कोणाला काय द्यायचं एवढंच इथं लिहायचं असतं. का द्यायचं, ते नाही.”

“मग ते मी कुणाला सांगू?”

ते चहा संपवून गेले. म्हणून जे सांगायचे आहे ते मी इथेच सांगणार आहे, आणि ज्यांना नको असेल त्यांनी नुसती कलमे वाचावीत.

याआधीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझा चांदीचा मोठा वाडगा वितळवून टाकावा असे लिहिले होते. ते का रद्द, हे सहाव्या कलमात येईल.

कलम पहिले. माझी शवपेटी साध्या एल्मच्या लाकडाची असावी. तिच्या पितळी कड्या मी घडवून ठेवल्या आहेत. कपाटाच्या खालच्या खणात जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या सापडतील. दुकानातल्या, यंत्राने दाबून छापलेल्या कड्या लावू नयेत. बर्मिंगहॅमला ज्या यंत्रावर तसल्या कड्या निघतात, तशाच यंत्रावर माझ्या वडिलांनी बटणे छापण्यात जन्म घालवला आणि उजव्या हाताची बोटे गमावली. पाद्रीसाहेबांनी प्रवचनात माझ्या सुवर्णपदकाचा उल्लेख करू नये. केला तर मला काही करता येणार नाही, पण निदान त्यांना अवघडल्यासारखे व्हावे म्हणून हे लिहिले आहे. चर्चमध्ये पुढचा बाक जवळच्या माणसांसाठी मोकळा ठेवतात. तो रिकामाच राहील, तेव्हा पोस्टमन श्री. कीट यांनी तिथे बसावे. त्यांना पाय लांब करायला जागा लागते.

कलम दुसरे. घर भाड्याचे आहे, ते मालकाला परत जाईल. कोंबड्या आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी सौ. कीट यांना. परसातली लांब शिडी श्री. कीट यांना. या शिडीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. श्री. कीट रोज सकाळी पत्र असो वा नसो, दारावर थाप मारून जातात. पत्र बहुधा नसतेच. ते थाप मारतात ती मी उठले आहे की नाही हे पाहायला, आणि मीही आतून खोकून दाखवते. तेव्हा साक्षीदार म्हणून पहिले नाव मला त्यांचेच सुचले. पण श्री. टस्टेन म्हणाले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर त्याचे जे असेल ते बुडते. नवऱ्याला मिळणार असेल तर बायकोनेही सही करायची नाही आणि बायकोला मिळणार असेल तर नवऱ्यानेही नाही. मी हे श्री. कीट यांना जसेच्या तसे सांगितले.

“म्हणजे शिडी नाहीतर सही?” त्यांनी विचारले.

“एकच काहीतरी.”

“शिडी किती फुटी आहे?”

“सफरचंदाच्या शेंड्याला पोचते.”

“मग राग मानू नका, मिस लव्हरिज, पण सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या. माझं अक्षर तसंही बरं नाही.”

मी राग मानला नाही. माणसाला शिडी रोज लागते. पण त्यामुळे साक्षीदाराची एक जागा रिकामी राहिली. एक सही श्री. टस्टेन स्वतः करतील. दुसरीसाठी ते आपल्या कारकुनाला आणणार आहेत. इतकी वर्षे या गावात काढून, सहीपुरते दाराशी बोलावता येईल असे दुसरे माणूस मला आठवेना. मला ‘हेटी’ म्हणणारे तर या गावात आता कोणीच नाही.

कलम तिसरे. पोस्टातली शिल्लक माझा भाचा होरेस लव्हरिज याला. तो रक्ताचा आहे, त्याला इलाज नाही. त्याने मागच्या नाताळात मला एक ताट पाठवले, तेही त्याला परत करावे. होरेसचा बर्मिंगहॅमला कारखाना आहे. हाताने ठोकलेल्या भांड्यांना गिऱ्हाईक आहे असे दिसल्यावर त्याने एक साचा करवून घेतला. त्या साच्यातून ताट निघते ते हातोडीच्या खुणांसकटच निघते, आणि प्रत्येक ताटावर तोच ठोका त्याच जागी. सोबतच्या चिठ्ठीत त्याने लिहिले होते, “आत्या, ओळखून दाखव!” मी बोट फिरवल्याबरोबर ओळखले, आणि त्या ताटात कोंबड्यांना दाणे घातले. कोंबड्यांची तक्रार नाही.

कलम चौथे. पदके आणि मानपत्रे. ही सगळी दिवाणखान्यातल्या टेबलाच्या खणात आहेत. एक कलाशाळेचे बक्षीस, ते चांदीच्या बकलासाठी मिळाले. मी दिवसा वडील कामाला होते त्या कारखान्यात बटणे मोजायची आणि संध्याकाळी कलाशाळेत जायची. बक्षीस घरी आणले तेव्हा वडील म्हणाले, “एवढ्या वेळात मी हजार काढली असती.” ते चेष्टेने म्हणाले, पण ते बकल त्यांनी मरेपर्यंत पट्ट्याला वापरले. एक ब्राँझपदक बेल्जियमचे, मूनस्टोन बसवलेल्या गळ्यातल्यासाठी. त्यातली घडण माझी आणि जडाव व मीनाकाम लेटीचे. दोघींची नावे पदकावर एकाखाली एक कोरलेली आहेत. हे पदक श्री. टस्टेन यांनी विकू नये. ते माझ्या पेटीत माझ्याबरोबर ठेवावे.

लेटी म्हणजे मिस लेटिशिया पीची. तिच्याबद्दल आता सांगितलेच पाहिजे.

आम्ही दोघी इथल्या कारागीर मंडळात एकाच वर्षी आलो. मंडळ लंडनहून उठून या खेड्यात आले होते. यंत्राच्या धुरापासून दूर, हाताने काम करायचे, आपले आपण पिकवायचे, संध्याकाळी गाणी म्हणायची, असा सगळा बेत होता. गावकरी आम्हाला हसायचे. आमच्यातल्या सुतारांनी लावलेले कोबी पाहिले असते तर कोणीही हसले असते. पण मंडळाचा एक नियम मला त्या दिवसापासून आजपर्यंत पटलेला आहे. वस्तू बाहेर जाईल तेव्हा तिला जितके हात लागले तितकी नावे तिच्या कार्डावर गेली पाहिजेत. चित्र कोणी काढले, भांडे कोणी उठवले, मीना कोणी भरला, सगळे. दुकानदार एकट्याचे नाव लावून मिरवतो, तसे आमच्यात चालायचे नाही.

पुढे मंडळ बुडाले आणि बाकीचे शहरात परत गेले. आम्ही दोघी मात्र राहिलो. जुन्या गिरणीची मागची खोली भाड्याने घेतली आणि खिडकीशी दोन बाक मांडले. ती गायची, आणि फार वाईट गायची. मी हातोडी जोरात चालवून तो आवाज बुडवायची, मग ती आणखी मोठ्याने गायची. मला ते दिवस फार सुखाचे वाटतात. तेव्हाही वाटत होते, हे विशेष.

त्या टेबलाच्या खणात आणखी एक पदक आहे, सोन्याचे. ते श्री. टस्टेन यांनी विकून चर्चच्या छपराला पैसे द्यावेत. मला ते पाहायचे नाही.

कलम पाचवे. कामाची हत्यारे. ऐरणी, लाकडी मोगऱ्या, भाता आणि भट्टी ही बर्मिंगहॅमच्या कलाशाळेला. चांदीचे काही तुकडे उरले आहेत, तेही त्यांनाच. माझ्या नावाचा पोलादी ठसा मात्र कोणाला देऊ नये. मी घडवलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला तो मारलेला आहे. मी गेल्यावर त्याच्यावर लोहाराकडून घण घालून अक्षरे चेपून टाकावीत आणि तसे झालेले श्री. टस्टेन यांनी डोळ्यांनी पाहावे. नाहीतर होरेस तो मागायला येईल.

दुसरा बाक, म्हणजे खिडकीच्या डाव्या अंगाचा, लेटीचा. त्याला खाली चामड्याची झोळी आहे, सोन्याचा कीस पडला तर तो मांडीवर न जाता तिच्यात पडावा म्हणून. ती झोळी रिकामी आहे. मी दर शनिवारी तो बाक पुसते आणि झोळीला तेल लावते, चामडे तडकू नये म्हणून. त्यावर कोणी काम करत नाही हे मला माहीत आहे. हा बाक आणि सहाव्या कलमातला वाडगा मिस लेटिशिया पीची यांना, त्या हयात असल्यास. त्या बर्मिंगहॅमला मीनाकाम शिकवायच्या, पुढचा पत्ता मला ठाऊक नाही. मृत्युपत्रात पत्ता लागतो म्हणून श्री. टस्टेन यांनी कलाशाळेकडे चौकशी केली आहे. उत्तर आलेले नाही.

कलम सहावे. वाडगा.

चांदीचा पत्रा गोल कापून, तो तापवत आणि ठोकत भांडे उठवतात. आकार आला की मग मठारायचे, म्हणजे आरशासारख्या तोंडाच्या हातोडीने ठोक्याला ठोका लावत जायचे. घाई करणाऱ्याच्या भांड्यावर ते ठोके दिसत राहतात. धीर धरला तर एक ठोका दुसऱ्यात मिटत जातो, आणि शेवटी भांड्याला नुसती गुळगुळीत कातडी उरते. मला तसे काम आवडायचे. माझ्या हाताची तीच खोड होती.

पण आमच्या लोकांनी यंत्राचा इतका धसका घेतला होता की, गुळगुळीत दिसले की ते यंत्राचे आणि खडबडीत दिसले की ते हाताचे, असा समज होऊन बसला. गिऱ्हाईक भांडे हातात घ्यायचे आणि ठोके शोधायचे. परीक्षकही तेच करायचे. मी एका मोठ्या प्रदर्शनाला एक सुरई पाठवली होती. ती परत आली. सोबत तीन परीक्षकांच्या सहीची चिठ्ठी होती: ‘सदर वस्तू यंत्रावर केलेली दिसते, सबब स्वीकारता येत नाही.’ मी, बटणे छापणाऱ्याची मुलगी, यंत्रापासून पळून या खेड्यात आलेली! मी ती सुरई कोळशाच्या खोलीत फेकली. लेटीने ती उचलून आणली आणि फडक्याने पुसली.

पुढच्या वर्षी मी वाडगा केला. दोन्ही हातांत धरावा लागेल एवढा. हिवाळाभर मठारला. तसे काम माझ्याकडून त्याआधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. ज्याने केले त्याला कळते.

पाठवायच्या आठवड्यात मला फ्लू झाला. मी वर अंथरुणात होते. लेटी म्हणाली, “तू पड. मी नेऊन देते.” आणि ती रेल्वेने घेऊन गेली. बक्षीस समारंभाला मी काठी टेकत गेले तेव्हा काचेच्या पेटीत माझा वाडगा होता आणि त्याला देवी आल्या होत्या. सगळ्या अंगभर ठोके. बाहेरून, आतून, काठापर्यंत. खाली कार्डावर लिहिले होते, ‘आरेखन व घडण: हेस्टर लव्हरिज’. मुख्य परीक्षक भाषणात म्हणाले की, या वाडग्यावर कारागिराचा प्रामाणिक हात दिसतो. माझे नाव पुकारले गेले. लोक टाळ्या वाजवत होते, पाय चालत गेले, कोणीतरी माझ्या हातात पदक ठेवले. लेटी मागच्या रांगेत उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

परतीच्या गाडीत डब्यात आम्ही दोघीच होतो.

“कुणी सांगितलं होतं तुला?” मी विचारले.

“कुणीच नाही. मागच्या वर्षी तू सुरई कोळशात टाकलीस, ते मी पाहिलं. पुन्हा तसं बघायचं नव्हतं मला.”

“माझा वाडगा नासवलास तू.”

“अगं, पण पदक मिळालं ना! आता मागण्या येतील, छप्पर नीट करता येईल. त्या शहाण्यांना ठोके हवे होते, मी दिले ठोके. तू का एवढी तोंड पाडून बसलीस?”

“कार्डावर तुझं नाव का नाही?”

“घातलं असतं तर त्यांना कळलं नसतं का?”

मंडळाचा नियम पुष्कळांनी मोडला, दुसऱ्याचे नाव गाळून. लेटीने तो स्वतःचे नाव गाळून मोडला. मी तिला म्हणाले, “त्या बटणं छापणाऱ्या यंत्रात आणि तुझ्यात काय फरक आहे मग?” इव्हशॅम येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत बसली. पुढच्या आठवड्यात ती आपली फुंकणी, चिमटे आणि मीन्याच्या बाटल्या बांधून निघून गेली. दारात तिने मागे वळून पाहिले. मी तिला थांब म्हणेन असे तिला वाटले असावे. मी भाता मारत होते.

मी बोलले ते खरे होते, असे मला अजूनही वाटते. खरे असून त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

त्या पदकानंतर मागण्या आल्या, लेटी म्हणाली होती तशाच. सगळ्यांना ठोके हवे होते. मी एकालाही दिले नाहीत. मग मागण्या थांबल्या. त्यानंतर मी गावातल्या किटल्यांना बूड बसवले, चर्चच्या गळक्या पात्रांना डाक लावला, लग्नाच्या अंगठ्या केल्या. पोट भरले. चहाची किटली मात्र दोघींची आहे. तिच्यात एकीपुरते पाणी घातले तर ती जळते, म्हणून मी अजून दोघींचे पाणी घालते आणि उरलेले परसात ओतते. खुंटीवर कपही दोन आहेत. दुसऱ्याचा कान फुटला आहे, तो तिनेच फोडला होता.

वाडग्याचे ठोके मला मठारून काढता आले असते. कठीण काम नव्हते. दरवर्षी वाटायचे, या हिवाळ्यात काढू. ऐरणीवर घेऊनही बसत असे. मग उठून तो परत फडताळात ठेवत असे. शहरातल्या संग्रहालयाचे गृहस्थ दोनदा वाडगा मागायला आले. ते म्हणाले, “मिस लव्हरिज, हा हातोडीचा पोत म्हणजे तुमच्या कलेचा कळस आहे.” मी त्यांना कोंबडीची अंडी दिली आणि वाटेला लावले.

मागच्या हिवाळ्यात डोळ्यांनी दगा दिला. आता मी वस्तू बोटांनी पाहते. फडताळ आवरताना वाडगा उपडा करून मांडीवर घेतला आणि बुडावर अंगठा फिरवला. बुडाच्या गोल कडीच्या आत, माझा ठसा आहे त्याच्या सभोवती, चांदी गुळगुळीत होती. मी बोट पुन्हा फिरवले. एकही ठोका नाही. त्या जागेवर मी हिवाळाभर केलेले काम जसेच्या तसे होते. इतकी वर्षे मी वरच्या ठोक्यांचाच राग धरून बसले होते, वाडगा उलटा करून कधी पाहिलाच नव्हता. परीक्षकांनीही नसेल. मी तिथेच जमिनीवर बसून खूप रडले, आणि सकाळी श्री. कीट यांनी थाप मारली तेव्हा खोकायला विसरले. ते बिचारे खिडकीची काच फोडून आत आले.

म्हणून मी जुने मृत्युपत्र रद्द केले. वाडगा वितळवू नये. तो लेटीचा आहे.

इथपर्यंत मंगळवारी लिहून झाले. आज शुक्रवार. श्री. टस्टेन सहीसाठी कारकुनाला घेऊन दुपारी आले. मी भिंग धरून वाचून दाखवत होते तेवढ्यात दार वाजले. काळा कोट, काळी टोपी आणि काळे हातमोजे घातलेली एक म्हातारी बाई आत आली, तिने माझ्याकडे पाहिले आणि ती खुर्चीवर बसली.

“हेटी,” ती म्हणाली, “तू मेली नाहीस?”

“अजून नाही.”

“कलाशाळेनं वकिलाचं पत्र धाडलं, माझा पत्ता पाहिजे म्हणून. मला वाटलं, संपलं सगळं. भाचीची टोपी मागून आणली. किती घट्ट आहे ही! काढते मी.”

तिने टोपी काढली. केस सगळे पांढरे झालेले मला एवढ्या डोळ्यांनीही दिसले. तिचे हात थरथरत होते, आणि ते म्हातारपणाचे थरथरणे होते. त्या हातांनी आता मीना भरता येत नसणार. मी वाडगा आणून उपडा करून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचे बोट धरून ठशाशी नेले.

“हो,” लेटी म्हणाली. “ती जागा सोडली होती मी.”

“का?”

“नमुना म्हणून. मला वाटलं, पदक एकदा हातात आलं की चार शिव्या देशील, आणि महिनाभरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं करशील. कसं होतं ते कळायला थोडं ठेवायला नको का? लहान हातोडीने अगदी हलके मारलेत सगळे. निघाले असते ते. तू का काढले नाहीस, हेटी?”

“त्यावर तुझे ठोके होते,” मी म्हणाले. “दुसरं काय होतं तुझं माझ्याकडे?”

श्री. टस्टेन खिडकीबाहेर पाहू लागले. कारकून पेनाच्या टोपणाची उघडझाप करत होता. थोड्या वेळाने मी लेटीला पाचवे आणि सहावे कलम वाचून दाखवले, आणि शिडीची गोष्टही. ती शिडीला खूप हसली. मग तिने एकदम विचारले, “साक्षीदाराची एक जागा रिकामी आहे म्हणजे?”

“रिकामी नाही,” श्री. टस्टेन म्हणाले. “माझा कारकून सही करतोय.”

“ऊठ रे बाळा,” लेटी कारकुनाला म्हणाली. “तिथं मी बसते.”

“मॅडम, तुम्हाला वाडगा मिळणार आहे. तुम्ही सही केलीत तर तो बुडेल.”

“बुडू दे.”

“फार तर असं करा, मिस लव्हरिज,” श्री. टस्टेन मला म्हणाले, “वाडगा आजच त्यांच्या हातात द्या. मग तो मृत्युपत्रात नको, आणि सहीलाही हरकत नाही.”

“मला वस्तू नकोच आहे हो,” लेटी म्हणाली. “भाचीच्या घरी एका खोलीत राहते मी, ती त्यात बटाटे ठेवील. गेल्या वेळी मी नाव घातलं नाही, त्यात सगळं बिघडलं. या वेळी नाव घालते. कुठं करायची सही?”

म्हणून पाचव्या कलमातली बाकाची व वाडग्याची ओळ आणि सहाव्या कलमातली शेवटची ओळ मी सर्वांसमोर खोडली आहे. बाक इतर हत्यारांबरोबर कलाशाळेला जाईल. लेटीने माझ्याकडून एकच वस्तू घेतली, कान फुटलेला कप, आणि तो मी जिवंतपणी माझ्या हाताने दिला आहे.

वाडगा शहरातल्या संग्रहालयाला द्यावा. अटी दोन. तो आरशावर ठेवावा, म्हणजे बूड दिसेल. आणि कार्डावर पुढील मजकूर असावा, त्यात एकही शब्द कमी करू नये: ‘घडण: हेस्टर लव्हरिज. ठोके: लेटिशिया पीची.’ या अटी मान्य नसतील तर श्री. कीट यांना शिडीबरोबर वाडगाही द्यावा.

लेटीला सहाच्या बसने परत जायचे आहे. भाची वाट पाहते, आणि रात्री तिला औषध लागते. तेव्हा आता आटपते.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना मी खाली सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर केली. दुसऱ्या साक्षीदाराचा हात थरथरल्यामुळे शाईचा डाग पडला असून नावाची शेवटची अक्षरे ओळीखाली उतरली आहेत. श्री. टस्टेन नव्या कागदावर स्वच्छ प्रत करू म्हणाले. मी नको म्हणाले. ती सही आहे तशीच राहावी.

(सही) हेस्टर ऍन लव्हरिज

साक्षीदार:

१. (सही) एडमंड टस्टेन, वकील, इव्हशॅम

२. (सही) लेटिशिया पीची, मीनाकाम व जडाव, पूर्वी राहणार मिल लेन, नेदर कोम्ब

मुक्काम नेदर कोम्ब, शुक्रवार, ता. १६ ऑक्टोबर १९३६